एमएच ०९चा भाव वेगळा

कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत मुरलेला दुकानदार गिऱ्हाइकाच्या पायाआधी गाडीची नंबर प्लेट बघतो. एमएच ०९ असेल तर भाव एक, पुण्या-मुंबईचं पासिंग असेल तर दुसरा. वर "गेल्या दिवाळीला तुमच्याकडनंच जोड नेला की वो," असं म्हटलं की आणखी थोडं उतरतं. गिऱ्हाईक कुठलं आणि आधी काय नेलंय, एवढ्या दोन गोष्टींवर भाव ठरतो. मोबाइलवरच्या ज्या 'वैयक्तिक किंमती'वरून, म्हणजे एकाच गोष्टीचा माणसागणिक वेगळा भाव दाखवण्यावरून, सध्या ओरड चालू आहे, तिचाही कच्चा माल हाच.

सगळ्यांना एकच भाव ही तशी अलीकडचीच गोष्ट. १९व्या शतकात पॅरिसचं बाँ मार्शे हे मोठं दुकान आणि फिलाडेल्फियातले दुकानदार जॉन वानामेकर यांनी वस्तूला किंमतीची चिठ्ठी लावली आणि घासाघीस बंद केली. आपल्याकडे पाकीटबंद मालावर सर्व करांसह कमाल किंमत छापायची सक्ती १९९०मध्ये झाली. पण ती कमालच. तिच्याखाली कुणाला किती सूट द्यायची, याला मोकळं रान. अ‍ॅपवरची कूपनं नेमकी तिथं शिरतात.

पहिला मोठा गाजावाजा सप्टेंबर २०००चा. अमेरिकेत अ‍ॅमेझॉनवर एका गिऱ्हाइकानं डीव्हीडी बघितली तेव्हा भाव २६.२४ डॉलर होता. कुकीज (साइटनं गिऱ्हाईक ओळखायला ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणा) पुसल्यावर तीच २२.७४ला दिसली. चप्पल लाइनीत ओळख दाखवली की भाव उतरतो, इथं ओळख पुसल्यावर उतरला! हा फक्त रँडम प्रयोग होता, असं म्हणत कंपनीनं माफी मागितली आणि ६,८९६ जणांना फरक परत केला.

पुढं २०१२मध्ये स्टेपल्स या ऑफिसचं सामान विकणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या साइटचं उघड झालं. प्रतिस्पर्धी दुकान २० मैलांच्या आत असेल तर बहुतेकदा भाव कमी. म्हणजे राजारामपुरीत दोन दुकानं सोडून तिसऱ्यात जाता येतं म्हणून स्वस्त, आणि गगनबावड्याला पर्याय नाही म्हणून महाग, असला हिशेब.

जानेवारी २०२५मध्ये आयफोन आणि अँड्रॉइडवर भाडं वेगळं दिसतं या तक्रारींवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ओला-उबरला नोटिसा काढल्या. दोघांनीही इन्कार केला. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यानं अशा किंमतीशेजारी, ती तुमचा वैयक्तिक डेटा वापरून अल्गोरिदमनं ठरवली आहे, अशी ओळ छापायची सक्ती केली. भाव वेगळा ठेवायला मात्र तिथंही बंदी नाही.