टर्बो गाडीचं फ्युएल प्रेशर आम्ही कसं तपासतो, आणि आयडलच्या आकड्यावर का थांबत नाही

आमच्याकडे येणाऱ्या टर्बो पेट्रोल गाड्यांच्या दोन तक्रारी नेहमीच्या आहेत. एक म्हणजे रिमॅप (ईसीयू, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं सेटिंग, बदलणं) केल्यावर वरच्या आरपीएमला गाडी अडखळते, आणि दुसरी, गावात मस्त चालते पण साताऱ्याकडे जाताना खंबाटकी चढायला लागलं की हिसके देते. मग प्लग बदलून होतात, कॉइल बदलून होते, एखादा सेन्सरही बदलतात, पण फ्युएल प्रेशर कुणी बघितलेलंच नसतं, किंवा बघितलं असलं तरी गाडी जागेवर उभी असताना. टर्बो गाडीला खरं पेट्रोल लागतं ते बूस्ट (टर्बोने इंजिनात दाबलेल्या हवेचं प्रेशर) आल्यावर, त्यामुळे उभ्या गाडीचा आकडा बरोबर आला म्हणून टाकीतला फ्युएल पंप चांगला असं आम्ही तरी म्हणत नाही.

आधी थोडं गणित बघू, कारण ते कळलं की बाकीचं सोपं आहे. इंजेक्टरमधून किती पेट्रोल जाणार हे रेलमधलं (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीतलं) प्रेशर आणि मॅनिफोल्डमधलं (इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गातलं) प्रेशर यांच्यातल्या फरकावर ठरतं. समजा तुमच्या गाडीला व्हॅक्यूम होज लावलेला, म्हणजे मॅनिफोल्डच्या प्रेशरप्रमाणे रेलचं प्रेशर कमी-जास्त करणारा रेग्युलेटर आहे आणि बेस प्रेशर 3 बार आहे (1 बार म्हणजे साधारण 14.5 पीएसआय). आयडलला (इंजिन चालू, पण ॲक्सिलरेटर न दाबता) मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो म्हणून गेजवर 2.4 च्या आसपास दिसेल, होज काढला की 3 वर जाईल, आणि 1 बार बूस्टला ते 4 व्हायलाच पाहिजे. आता पंप थकलेला आहे आणि 4 ऐवजी 3.4 वरच थांबला, तर इंजेक्टरच्या दोन्ही बाजूंतला फरक उरला 2.4. पेट्रोल या फरकाच्या वर्गमूळाप्रमाणे बदलतं, म्हणून 2.4 भागिले 3 चं वर्गमूळ काढलं की पेट्रोल साधारण 10 टक्के कमी. म्हणजे मॅपमध्ये 11.8 चं मिक्श्चर (एक भाग पेट्रोलला 11.8 भाग हवा) सेट केलेलं असलं तर प्रत्यक्षात 13 च्या वर जाणार, तेही फुल बूस्टमध्ये. इंजिन लीन होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), नॉकिंग (मिक्श्चर अवेळी, धक्क्याने पेटणं) सुरू होतं, आणि पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटल्या की काम थेट इंजिन उघडण्यावर जातं. हे सगळं गेजवरच्या अर्ध्या-पाऊण बारमुळे, म्हणून आम्ही या टेस्टच्या इतके मागे लागतो.

बऱ्याच नव्या गाड्यांत रिटर्न लाइन (जास्तीचं पेट्रोल इंजिनाकडून टाकीत परत नेणारी) नसते, रेग्युलेटर टाकीतच असतो आणि प्रेशर एकाच आकड्यावर धरलेलं असतं, बहुतेक साडेतीन किंवा चार बार. अशा गाडीत बूस्ट वाढला तरी गेज हलत नाही आणि ते बरोबरच आहे, फरक कमी झाल्याचा हिशोब ईसीयू इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवून भरून काढतो. पण बूस्ट बराच वाढवला की इंजेक्टरला वेळच पुरत नाही. तुमच्या गाडीत कुठली सिस्टिम आहे आणि कंपनीचा आकडा काय आहे हे मॅन्युअलमध्ये बघूनच आम्ही टेस्ट सुरू करतो.

आता प्रत्यक्ष काम. रांजणगावला बनलेल्या लिनिया टी-जेट आणि अबार्थ पुंटो आमच्याकडे अजून येतात, त्यांचं 1.4 टर्बो इंजिन पोर्ट इंजेक्शनचं (पेट्रोल सिलिंडरच्या बाहेर, हवेच्या मार्गात सोडणारं) आहे, तिथे गेज लावणं तसं सरळ काम आहे. इंजिन थंड पाहिजे, पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत जागेवरच चालू ठेवायचं म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरतं, मग बॅटरीची निगेटिव्ह काढायची, जोडावर जाड फडकं धरायचं आणि हळूच लाइन सोडायची. फायर एक्स्टिंग्विशर हाताशी असतोच. लाइन आणि रेलच्या मध्ये टी (तीन तोंडांचा जोड) टाकून 0 ते 10 बारचा गेज लावतो, फ्यूज आणि बॅटरी परत जोडतो. चावी ऑन केली की पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो आणि काटा झटकन वर येऊन थांबतो, तेव्हाच सगळे जोड टॉर्च मारून बघून घेतो, एक थेंब दिसला तरी गाडी स्टार्ट करत नाही.

आयडलचा आकडा लिहून घेतला की खरी टेस्ट डायनोवर (गाडी जागेवरच रोलरवर पळवून ताकद मोजायचं मशीन). तिथे साध्या गेजऐवजी इलेक्ट्रिक सेन्सर लावतो, कारण पेट्रोलची लाइन केबिनमध्ये आणणं आम्हाला कधीच मान्य नाही, दुसरीकडे कुणी तसं करून देत असेल तरी करून घेऊ नका. तिसऱ्या गियरमध्ये फुल थ्रॉटल, आणि बूस्ट, प्रेशर, मिक्श्चर तिन्ही एकाच स्क्रीनवर. चांगल्या पंपाचं प्रेशर बूस्टबरोबर चढतं आणि शेवटपर्यंत तिथेच राहतं. थकलेल्या पंपाचं साडेचार हजारपर्यंत छान चढतं, मग थरथरतं आणि आरपीएम वाढत असताना खाली यायला लागतं, तिथेच आम्ही थ्रॉटल सोडतो.

प्रेशर पडलं म्हणजे पंपच गेला असं नाही. सगळ्यात आधी आम्ही लोडवर पंपाच्या कनेक्टरवरचा व्होल्टेज मोजतो. बॅटरीवर 13.8 आणि पंपाजवळ 12 च्याही खाली दिसत असेल तर दोष वायरिंगचा किंवा अर्थिंगचा असतो, आणि तसा तो पुष्कळदा निघतो, मग नवीन पंप घालून काय उपयोग? नंतर फिल्टर आणि टाकीतली जाळी. गाडी बंद केल्यावर प्रेशर भराभर उतरत असेल तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर, यातलं नक्की काय ते एकेक लाइन क्लॅम्प करून बघतो.

चाकणला बनलेल्या पोलो जीटी टीएसआयसारख्या डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या) गाड्यांचं प्रकरण वेगळं. टाकीतला पंप काही बारनेच पेट्रोल पुढे ढकलतो आणि इंजिनवरचा दुसरा पंप, जो कॅमशाफ्टवर चालतो, तो ते शंभर-दीडशे बारपर्यंत नेतो. ही हाय प्रेशर लाइन घरी कृपया उघडू नका, एवढ्या प्रेशरची बारीक धारसुद्धा कातडीतून आत जाऊ शकते आणि तशी जखम झाली तर ताबडतोब हॉस्पिटल गाठावं लागतं. ते प्रेशर आम्ही स्कॅनरवरच बघतो, ईसीयूने मागितलेलं किती आणि मिळालेलं किती. दोन्ही रेषा वरच्या आरपीएमला एकमेकींपासून लांब जायला लागल्या की आधी टाकीच्या पंपाची बाजू तपासायची, कारण मागून पेट्रोलच कमी येत असेल तर महागडा हाय प्रेशर पंप बदलूनही काही होणार नाही.

आणि ई20 चं (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं) सांगायलाच हवं. आता जवळपास सगळ्या पेट्रोल पंपांवर तेच मिळतं, आणि तेवढ्याच हवेसाठी ते शुद्ध पेट्रोलपेक्षा साधारण 7-8 टक्के जास्त लागतं. जुन्या मॅपवर जेमतेम पुरणारा गाडीतला पंप इथे कमी पडतो. 200 हॉर्सपॉवरच्या टर्बो इंजिनाला फुल थ्रॉटलवर ताशी 70-75 लिटर लागतं असं धरा, ई20 वर त्याहून जास्त, आणि पंपाच्या खोक्यावरचा लिटरचा आकडा कमी प्रेशरचा असतो, प्रेशर वाढलं की तेवढा फ्लो मिळत नाही. त्यात नकली पंप बाजारात भरपूर आहेत, म्हणून बिल असलेलाच घ्या. बूस्ट वाढवायचा विचार असेल तर आधी ही टेस्ट, मग मॅप. उलट्या क्रमाने आम्ही काम घेत नाही.

टेस्टला येताना गाडी सकाळी आणा आणि आल्यावर आमच्याकडे थंड होऊ द्या, टाकी निदान अर्धी भरलेली असू द्या (रिकाम्या टाकीत पंप हवा ओढतो आणि आकडे चुकतात), आधी पंप किंवा फिल्टर बदलला असेल तर त्याचं बिल आणि रिमॅप केला असेल तर त्याची फाइल बरोबर घ्या. ग्राफची प्रिंट तुम्हाला मिळेल, काही दोष निघाला नाही तरी ती जपून ठेवा, पुढच्या वेळी तिच्याशीच तुलना करता येईल.