रॉकबिली

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत १९५० च्या दशकाच्या मध्यास आकारास आलेला जलद लयीचा लोकप्रिय संगीतप्रकार. गोऱ्या ग्रामीण वादक-गायकांचे ‘हिलबिली’ संगीत आणि कृष्णवर्णीयांचे ऱ्हिदम अँड ब्ल्यूज यांच्या मिलाफातून तो उद्भवला, एवढे सर्वमान्य आहे. हा मिलाफ कोठे, केव्हा व कोणाच्या हातून झाला, याविषयी मात्र अभ्यासकांत एकमत नाही. ‘रॉक’ आणि ‘हिलबिली’ यांच्या जोडणीतून आलेले नाव १९५६ च्या सुमारास रूढ झाले. ‘हिलबिली’ला गावंढळपणाचा वास असल्याने ज्यांना ते चिकटले त्यांपैकी अनेकांना ते रुचले नाही.

प्रचलित मतानुसार रॉकबिलीचा आरंभ ५ जुलै १९५४ रोजी, टेनेसी राज्यातील मेंफिस शहरात, ७०६ युनियन अव्हेन्यू येथील सॅम फिलिप्सच्या ध्वनिमुद्रणगृहात झाला. १९ वर्षांचा एल्व्हिस प्रेस्ली, गिटारवादक स्कॉटी मूर व डबल बेस (खर्ज स्वरांचे मोठे, उभे तंतुवाद्य) वाजवणारा बिल ब्लॅक यांनी तेथे आर्थर ‘बिग बॉय’ क्रूडप या कृष्णवर्णीय ब्ल्यूजगायकाचे ‘दॅट्स ऑल राइट’ ध्वनिमुद्रित केले. तबकडीच्या दुसऱ्या बाजूसाठी ग्रामीण संगीतातील गायक बिल मन्‍रोचे ‘ब्ल्यू मून ऑफ केंटकी’ निवडले गेले. मूळचे हे गीत तीन मात्रांच्या संथ वॉल्ट्झमध्ये होते. येथे ते चार मात्रांत धावते झाले. नवी तबकडी गाजताच मन्‍रोने स्वतः त्याच वर्षी ते पुन्हा ध्वनिमुद्रित केले आणि आरंभ वॉल्ट्झमध्येच ठेवून पुढे चार मात्रांची लय धरली. एका बाजूस ब्ल्यूज व दुसऱ्या बाजूस ग्रामीण गीत ही मांडणी फिलिप्सच्या ‘सन’ या तबकड्या काढणाऱ्या कंपनीने प्रेस्लीच्या पुढील बहुतेक तबकड्यांत कायम ठेवली.

या तारखेला प्रमाण मानण्यास दोन दिशांनी हरकत घेतली जाते. पहिली हरकत अशी की ‘बूगी’ ही ब्ल्यूजमधील धावती लय व बेसचे आपटते वादन ग्रामीण संगीतात आधीच आले होते. डेल्मोर बंधूंचे ‘हिलबिली बूगी’ व ‘फ्रेट ट्रेन बूगी’, तसेच आर्थर स्मिथचे ‘गिटार बूगी’ १९४५-४६ च्या सुमारासचे आहेत. अलाबामातून कॅलिफोर्नियात स्थलांतरित झालेल्या मॅडॉक्स कुटुंबाच्या वाद्यवृंदात फ्रेड मॅडॉक्स १९४० च्या दशकातच बेसच्या तारा आपटून वाजवत असे. पेनसिल्व्हेनियात बिल हेलीने १९५२ मध्ये मुद्रित केलेल्या ‘रॉक द जॉइंट’मध्येही तेच वादनतंत्र ऐकू येते, हेलीला उत्तरेकडचा म्हणून वगळण्याचा प्रघात फारसा तर्कशुद्ध नाही.

दुसरी हरकत अधिक वजनदार वाटते. ज्युनियर पार्कर या कृष्णवर्णीय गायकाची ‘मिस्टरी ट्रेन’ व ‘लव्ह माय बेबी’ ही गीते ‘सन’नेच १९५३ मध्ये एका तबकडीच्या दोन बाजूंवर प्रसिद्ध केली होती. प्रेस्लीने १९५५ मध्ये पहिले गीत गायिले तेव्हा मूरने गिटारची प्रमुख खूण मात्र दुसऱ्या गीतावरून उचलली. दोन्ही तबकड्या एकापाठोपाठ ऐकल्यास रॉकबिली गिटारवादनाचा घाट पार्करच्या साथीदारांकडे आधीच होता, हे सहज लक्षात येते. मेंफिसच्याच बर्नेट बंधू व पॉल बर्लिसन या त्रिकुटाने आपण हे संगीत १९५४ पूर्वीच वाजवत होतो, असे पुढे सांगितले. त्यांच्या परिचित तबकड्या १९५६ व नंतरच्या असल्याने हा दावा आठवणींवरच उभा आहे.

एकंदरीत शैलीचे घटक मेंफिसपूर्वी उपलब्ध होते. मेंफिसमध्ये त्यांना जो विशिष्ट नाद मिळाला, तो बराचसा ध्वनिमुद्रणाच्या पद्धतीतून आला.

तंत्र : पहिल्या तबकड्यांत ड्रम नाहीत, त्यांचे काम डबल बेस करतो. वादक तातीची तार फिंगरबोर्डपासून दूर ओढून सोडतो. ती परत आपटताना स्वराबरोबर खट् असा आघात निघतो. लगेच तळहाताने तारांवर थाप दिली की मधल्या मात्रेवर दुसरा आघात मिळतो. एका हाताने स्वर व ताल दोन्ही सांभाळण्याची ही युक्ती न्यू ऑर्लीन्सच्या जॅझवादकांना पूर्वीच ठाऊक होती. ड्रमची उणीव भरून काढण्याचा आणखी एक उपाय ‘सन’चाच गायक जॉनी कॅश याने योजला : गिटारच्या तारांत कागद अडकवून त्याने स्नेअर ड्रमसारखी खरखर काढली. गिटारवादनात अंगठ्याने खर्जाची लय धरून इतर बोटांनी सुरावट काढण्याची ग्रामीण गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिसची पद्धत व ब्ल्यूजमधील ताणलेले स्वर एकत्र येतात. गायक उचकी लागल्याप्रमाणे अक्षरे तोडतो.

‘स्लॅपबॅक’ प्रतिध्वनी हे या प्रकाराचे सर्वांत ओळखीचे लक्षण. फितीच्या यंत्रात मुद्रण करणारे व वाचणारे हेड एकमेकांपासून थोड्या अंतरावर असतात. फिलिप्स दुसऱ्या अँपेक्स यंत्रावर आवाज मुद्रित करून वाचक हेडमधून निघालेला तोच आवाज, सेकंदाच्या सुमारे आठव्या भागाइतक्या विलंबाने, मूळ आवाजात मिसळत असे. पुनरावृत्ती एकदाच होते, त्यामुळे शब्द धूसर न होता ठसठशीत होतात आणि तिघांचा वाद्यवृंद मोठा भासतो. फितीच्या प्रतिध्वनीचे प्रयोग गिटारवादक लेस पॉलने आधी केले होते. शोधाचे श्रेय फिलिप्सला देणे योग्य नाही, वापराचे द्यावे लागेल. आरसीए कंपनीने प्रेस्लीला घेतल्यावर जानेवारी १९५६ मध्ये नॅशव्हिलच्या तंत्रज्ञांना हा परिणाम साधता आला नाही. त्यांनी ‘हार्टब्रेक होटेल’साठी इमारतीच्या मार्गिकेत लाउडस्पीकर व मायक्रोफोन ठेवून काम भागवले, असे सांगितले जाते. मूर १९५५ पासून रे बट्सने बनवलेला, फितीचा प्रतिध्वनी अंतर्भूत असलेला अँप्लिफायर वापरू लागला होता.

प्रसार व ऱ्हास : प्रेस्लीचा करार नोव्हेंबर १९५५ मध्ये ३५,००० डॉलरना विकला गेला. त्यानंतर ‘सन’चा भर कार्ल पर्किन्सवर आला. कुळाने शेती करणाऱ्या कुटुंबातील पर्किन्स शेतात बरोबर राबणाऱ्या जॉन वेस्टब्रुक या कृष्णवर्णीय मजुराकडून गिटार शिकला होता. १९५६ च्या आरंभी आलेले त्याचे ‘ब्ल्यू स्वेड शूज’ पॉप, कंट्री व ऱ्हिदम अँड ब्ल्यूज या तिन्ही याद्यांत वर चढले. २२ मार्चच्या मोटार अपघातामुळे दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम हुकला व गती मोडली. जीन व्हिन्सेंट, टेक्ससचा बडी हॉली, एडी कॉक्रन, जेरी ली लुईस हे या काळातील अन्य प्रमुख कलावंत. स्त्रियांपैकी वाँडा जॅक्सन व जॅनिस मार्टिन उल्लेखनीय.

१९५८ मध्ये प्रेस्ली सैन्यात गेला आणि विवाहप्रकरणावरून लुईसची लोकप्रियता घसरली. हॉली फेब्रुवारी १९५९ मध्ये विमान अपघातात, तर कॉक्रन एप्रिल १९६० मध्ये इंग्लंडमधील मोटार अपघातात मरण पावला.

पुनरुज्जीवन मुख्यतः युरोपात झाले. बीटल्सनी १९६४ मध्ये पर्किन्सची गीते मुद्रित केली. ब्रिटनमधील ‘टेडी बॉईज’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, जुन्या धाटणीचा पोशाख करणाऱ्या मंडळींनी जुन्या तबकड्यांची आवड टिकवली. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचे ‘स्ट्रे कॅट्स’ त्रिकूट १९८० मध्ये लंडनला गेले, तेथे यशस्वी झाले व मगच मायदेशी गाजले. पंक संगीताशी संकर होऊन ‘सायकोबिली’ हा उपप्रकारही याच सुमारास निघाला.