गेमसाठी स्विच घेताय? आधी लॅग कुठे होतो ते शोधा

घरातली उपकरणं केबलने राउटरला जोडणारा डबा म्हणजे नेटवर्क स्विच. 'गेमिंग स्विच' म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांवर लाल-निळे दिवे असतात, बॉडी टोकदार असते आणि खोक्यावर 'अल्ट्रा लो लेटन्सी' (म्हणजे अगदीच कमी उशीर) असं ठसठशीत छापलेलं असतं. दावा खोटा नसतो. फक्त शेजारच्या फळीवरच्या साध्या, दिवे नसलेल्या स्विचलाही तो तितकाच लागू पडतो, हे कोणी छापत नाही.

का ते कळायला स्विचच्या आत डोकावावं लागतं. तुम्ही कन्सोलवर बटण दाबलंत की त्या हालचालीची माहिती एका छोट्या पॅकेटमध्ये भरली जाते, साधारण शंभर-दोनशे बाइटच्या. हे पॅकेट केबलमधून स्विचच्या पोर्टवर येतं. त्याच्या सुरुवातीलाच ज्या उपकरणाकडे जायचं त्याचा ४८ बिटांचा मॅक ॲड्रेस (म्हणजे उपकरणाचा पत्ता) असतो आणि त्यामागोमाग पाठवणाऱ्याचा. स्विच पाठवणाऱ्याचा पत्ता आपल्या तक्त्यात टिपून ठेवतो: हा अमुक पोर्टवर आहे. असा तक्ता आपोआप भरत जातो, म्हणूनच साध्या स्विचला काही सेटिंग करावं लागत नाही. एखादं उपकरण बराच वेळ, बहुतेक स्विचमध्ये ३०० सेकंद, गप्प राहिलं तर त्याची नोंद पुसली जाते. आणि ज्याला पाठवायचं त्याचा पत्ता तक्त्यात सापडला नाही तर पॅकेट आलेलं पोर्ट सोडून बाकी सगळ्या पोर्टांवर धाडलं जातं. खरा धनी उत्तर देतो आणि त्याचीही नोंद होते.

आधीच्या काळातले हब एवढी अक्कल चालवत नसत. आलेला प्रत्येक सिग्नल सगळीकडे फेकायचा, दोघे एकदम बोलले की टक्कर, मग दोघांनी थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. कल्पना नावाच्या कंपनीने १९९० मध्ये सात पोर्टांचा 'इथरस्विच' बाजारात आणला, १९९४ मध्ये सिस्कोने ती कंपनीच विकत घेतली आणि पुढे हब अडगळीत गेले. आजच्या स्विचमध्ये प्रत्येक केबलवर येणं आणि जाणं एकाच वेळी, पूर्ण वेगाने चालतं. टक्कर हा प्रकारच उरलेला नाही.

आता वेळेचा हिशेब. घरगुती स्विच आधी पूर्ण पॅकेट आत घेतो, त्यात बिघाड नाही ना ते तपासतो आणि मगच पुढे पाठवतो. सगळ्यात मोठं नेहमीचं पॅकेट १५१८ बाइटचं. गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएस, वेगाने ते आत यायला सुमारे १२ मायक्रोसेकंद लागतात. वर चिपचे स्वतःचे काही थोडे. गेमचं छोटं पॅकेट तर दोनेक मायक्रोसेकंदांत आत येतं. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १२ मायक्रोसेकंदांत जेमतेम अडीच किलोमीटर. थोडक्यात, मध्ये एक स्विच बसवला तर गेमचा सर्व्हर अडीच किलोमीटर मागे सरकल्याइतका फरक पडतो. सर्व्हर शेकडो किलोमीटरवर असतो आणि पिंग, म्हणजे पॅकेट जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत मोजतात. एका मिलिसेकंदात १००० मायक्रोसेकंद. सेकंदाला १२८ वेळा स्थिती ताजी करणारा वेगवान सर्व्हर घेतला तरी दोन नोंदींमध्ये जवळपास ८ मिलिसेकंदांचं अंतर असतं. दिव्यांचा स्विच साध्यापेक्षा दोन-चार मायक्रोसेकंदांनी चपळ असला, तरी त्या ८ मिलिसेकंदांत ते कुठे विरघळतात कळतही नाही.

मग ऐन लढाईत चित्र गोठतं ते कशामुळे? बहुतेक घरांत दोन जागा संशयित असतात.

पहिली म्हणजे राउटरचं बाहेर जाणारं तोंड. समजा तुमचा अपलोडचा वेग १० एमबीपीएस आहे आणि घरातल्या कोणीतरी सुट्टीचे व्हिडिओ क्लाउडवर चढवायला घेतले. फोन राउटरला भराभर डेटा देतो, राउटर तो आपल्या मेमरीत साठवतो आणि हळूहळू बाहेर सोडतो. ही रांग १ मेगाबाइटची झाली, तर ती रिकामी व्हायला ८०० मिलिसेकंद लागतात. तुमचं दोनशे बाइटचं पॅकेट या रांगेच्या शेवटी उभं राहतं. अरुंद गल्लीत ट्रक शिरले की मागची सायकलही अडकते, तसंच. या दुखण्याला 'बफरब्लोट' म्हणतात. त्यावर २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 'कोडेल' नावाची रांग हाताळण्याची पद्धत मांडली. पॅकेट रांगेत किती वेळ ताटकळलं हे ती बघते आणि वेळ फार झाला की पॅकेट टाकून देऊन पाठवणाऱ्याला सावकाश घ्यायला लावते. तिचीच पुढची रूपं, एफक्यू-कोडेल आणि केक, आज अनेक राउटरांत 'एसक्यूएम' या पर्यायाखाली मिळतात. ते चालू करून वेगाची मर्यादा प्रत्यक्ष वेगापेक्षा थोडी खाली ठेवली की रांग फुगतच नाही.

दुसरी जागा वायफाय. एका चॅनेलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकतं, आणि तो चॅनेल शेजारच्यांचाही असतो. पॅकेट पोचलं नाही की पुन्हा पाठवायचं, मध्ये कोणी बोलत असेल तर थांबायचं. त्यामुळे पिंग एकदा ५, पुढच्याच क्षणी ६०. हे वरखाली होणं गेमला सरासरी पिंग जास्त असण्यापेक्षा जास्त बाधतं, कारण स्थिर उशीर गेम सांभाळून घेतो, लहरी उशीर नाही. स्विचचा खरा उपयोग इथे आहे. कन्सोल, कॉम्प्युटर आणि टीव्ही केबलवर आणले की त्यांचं तर भलं होतंच, पण हवाही मोकळी होते आणि फोनवरच्यांनाही ते जाणवतं.

आपल्या घरात गुन्हेगार कोण, हे पाच मिनिटांत कळतं. कॉम्प्युटरवर पिंग कमांडच्या दोन खिडक्या उघडा: एकीत राउटरचा पत्ता, दुसरीत बाहेरच्या एखाद्या सर्व्हरचा. मग फोनवरून मोठा व्हिडिओ अपलोडला लावा. राउटरचा आकडा १ मिलिसेकंदाच्या आत राहिला आणि बाहेरचा शेकड्यांत गेला, तर रांग राउटरच्या तोंडाशी आहे; नवा स्विच घेऊन काडीचा फरक पडणार नाही. राउटरचाच आकडा उड्या मारत असेल, तर तुम्ही बहुधा वायफायवर आहात. मग केबल टाका.

खरेदीचं काम यानंतर सोपं आहे. राउटरच्या मागे बहुधा चार लॅन पोर्ट असतात आणि तोही आतून स्विचच आहे. ते पुरत असतील तर काहीच घेऊ नका. पुरत नसतील तर आठ पोर्टांचा, गिगाबिट, अनमॅनेज्ड (म्हणजे सेटिंगची भानगड नसलेला), धातूच्या बॉडीचा, पंखा नसलेला स्विच. पाच पोर्टांचा घेतलात तर त्यातला एक राउटरकडे जातो, चारच उरतात आणि ते बघता बघता भरतात. १०० एमबीपीएसवाले अजूनही विकले जातात; त्यांच्या वाटेला जाऊ नका. १०० जीबीचा गेम १०० एमबीपीएसने उतरवायला सव्वादोन तास लागतात, तर गिगाबिटवर, इंटरनेटचा वेग तितका असेल तर, पावणेचौदा मिनिटांचाही हिशेब पुरा होत नाही.

अडीच गिगाबिटचे स्विच २०१६ च्या मानकानंतर आले आणि जुन्या कॅट ५ई केबलवरही चालतात. इंटरनेट एक गिगाबिटच्या वरचं असेल किंवा घरात फाइलींचा साठा ठेवणारी नॅस असेल, तर जरूर घ्या. पिंग मात्र त्याने सुधारणार नाही, आणि पीएस ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्सचं पोर्ट मुळात गिगाबिटचंच आहे. मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग्ज करता येणाऱ्या, स्विचमधल्या प्राधान्याच्या सेटिंग्जचा गेमरांना फार मोह असतो. पण ही सेटिंग्ज कामाला येतात ती स्विचच्याच पोर्टवर गर्दी झाली तर. घरात तशी वेळ एखाददुसरीच: नॅस राउटरला जोडलेली, कॉम्प्युटर स्विचला, आणि मधली एकच केबल मोठ्या कॉपीने भरून गेलेली. त्यावर प्राधान्य ठरवत बसण्यापेक्षा नॅसची केबल स्विचमध्ये लावली की झालं.

'लूप डिटेक्शन' लिहिलेलं असेल तर त्याचे थोडे जास्त पैसे द्यायला माझी हरकत नाही. घरात लोंबती केबल दिसली की ती रिकाम्या भोकात खोचणारं कोणीतरी असतंच. एकाच केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये गेली की सगळ्यांना उद्देशून निघालेलं पॅकेट गोल फिरत राहतं, दर फेरीला त्याच्या नव्या प्रती निघतात आणि काही क्षणांत घरचं सगळं नेटवर्क आडवं होतं. मोठ्या नेटवर्कांसाठी यावर तोड रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्येच काढली, स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल नावाची. स्वस्त घरगुती स्विचमध्ये ती बहुधा नसते.

आणि केबल. १०० एमबीपीएसला आठपैकी चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. दाराच्या फटीत चेमटून जास्तीच्या चारपैकी एक तार तुटली तरी जोडणी बहुधा चालूच राहते, फक्त गुपचूप १०० वर उतरते. बरेच स्विच वेगानुसार पोर्टच्या दिव्याचा रंग बदलतात. कोणता रंग कशाचा ते सोबतच्या कागदावर असतं. नवा स्विच लावल्यावर एकेक दिवा पाहून घ्या. एखादाच वेगळ्या रंगात दिसला, तर स्विच परत करायला धावण्याआधी केबल बदलून बघा. आणि ती घेताना पूर्ण तांब्याची आहे ना ते विचारा, कारण वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम असलेल्या केबली सर्रास मिळतात.