दहा हा आकडा आला कुठून?

सातवा-आठवा महिना लागला की दवाखान्यात सांगतात, जेवून डाव्या कुशीवर पडा आणि बाळाच्या हालचाली मोजा. दोन तासांत दहा व्हायला हव्यात. हा दहाचा दंडक आजीच्या काळापासूनचा असेल असं वाटतं, पण तो जेमतेम अर्धशतकाचा आहे.

बाळ हलणं ही खूण मात्र फार जुनी. चरकसंहितेच्या शारीरस्थानात म्हटलं आहे की गर्भ स्पंदन पावू लागतो तेव्हापासूनच त्याला इच्छाही होऊ लागतात. आईचं एक आणि बाळाचं एक, अशी दोन हृदयं, म्हणून या अवस्थेला ‘द्वैहृदय्य’ म्हणायचं. आपले ‘डोहाळे’ त्याच कुळातले. इंग्लंडमध्ये हीच खूण कायद्यात शिरली. 1803च्या कायद्यात बाळ हलू लागल्यानंतरच्या गर्भपाताला थेट फाशी होती, त्याआधी तुलनेने सौम्य शिक्षा. तोच भेद 1860च्या भारतीय दंड संहितेत उतरला: एरवी तीन वर्षांपर्यंत, बाळ हलू लागलं असेल तर सात. आजच्या न्याय संहितेच्या कलम 88 मध्येही तो तसाच आहे!

तोवर प्रश्न एवढाच होता, बाळ हललं की नाही. किती हललं, हे विचारायला 1973 उजाडलं. जेरुसलेममधल्या सादोव्स्की आणि याफे यांनी गर्भवतींना रोजची नोंद ठेवायला लावली. प्राणवायू कमी पडू लागला की बाळ ताकद राखून ठेवतं. आधी हालचाल मंदावते, हृदयाचे ठोके नंतर थांबतात. या मधल्या वेळात बाळ वाचवता येईल, ही त्यामागची आशा.

1976 मध्ये कार्डिफच्या पिअर्सन आणि वीव्हर यांनी तक्ता केला. सकाळी नऊपासून मोजायला लागायचं, दहावी हालचाल झाली की वेळेवर खूण करायची. दहाच का? त्यांनी पाहिलेल्या बायकांच्या बारा तासांच्या नोंदींपैकी फक्त अडीच टक्के दहाच्या खाली होत्या, म्हणून. म्हणजे हा बाळाच्या शरीराचा नियम नव्हे, आकडेमोडीत आखलेली रेघ. पुढे 1989च्या एका अमेरिकी अभ्यासात दहा हालचालींना सरासरी 21 मिनिटं लागली आणि बारा तासांचे दोन तास झाले.

त्याच वर्षी या तक्त्याला धक्का बसला. ‘लॅन्सेट’मध्ये सुमारे 68,000 गर्भवतींची चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्या गटांना रोज मोजायला सांगितलं होतं, बाकीच्यांना नाही. पोटात दगावलेल्या बाळांच्या प्रमाणात फरक पडला नाही. 2018 मध्ये ब्रिटन-आयर्लंडच्या 33 रुग्णालयांतल्या चार लाखांवर गर्भारपणांचा अभ्यास आला. त्यात मोजणीऐवजी जागरूकता आणि ठरीव तपासणी होती. मृतजन्म हजारी 4.40 वरून 4.06 वर आले, पण हा फरक ठाम म्हणण्याजोगा नव्हता. कळा आणून केलेली बाळंतपणं आणि सिझेरियन मात्र वाढली.

मधल्या काळात सोनोग्राफीने बाळाची दिनचर्याच उघडी केली होती. 1982 मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी दाखवलं की शेवटच्या आठवड्यांत बाळाचे झोपेचे आणि जागेपणाचे टप्पे वेगळे ओळखू येतात. शांत झोप बहुधा 20 ते 40 मिनिटांची, नव्वदच्या पलीकडे क्वचितच. कॅनडातल्या चोवीस तासांच्या निरीक्षणांत रात्री नऊनंतर हालचाल वाढलेली दिसली. आई आडवी झाली की बाळ जागं होतं, ही बायकांची तक्रार खोटी नव्हती तर.

‘दिवस भरत आले की बाळ शांत होतं’ ही समजूत मात्र टिकली नाही. साधारण बत्तिसाव्या आठवड्यानंतर हालचालींचं प्रमाण स्थिरावतं, जागा कमी पडल्याने लाथांऐवजी लोळणं आणि ढकलणं जास्त जाणवतं, पण निरोगी बाळाचं हलणं प्रसूतीपर्यंत कमी होत नाही. म्हणून नेहमीपेक्षा कमी वाटलं तर दहा मोजत न बसता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, असं आता सांगतात. आपल्याकडच्या माता-बाल संरक्षण कार्डावर बाळाच्या हालचालीचा रकाना आहेच: सामान्य, कमी, किंवा नाही. आकडा त्यात मागितलेला नाही.