कानाला फसवणारी पेटी

इंजिनांचा जोर वाढवणारे थ्रस्ट लिव्हर पुढे सरकतात, पाठ खुर्चीत रुतते, धावपट्टीचे दिवे मागे पळू लागतात. मध्यरेषेवरच्या दिव्यांवरून पुढचं चाक जातं तेव्हा पायाखाली ठक-ठक जाणवते. आत बसलेल्या दोघांच्या लेखी एअरबस ए-३२० सुसाट निघालेली असते. बाहेर हॉलमध्ये उभं राहून पाहिलं तर मात्र गंमत वाटते. खोलीएवढी पांढरी पेटी सहा पायांवर उभी आहे. हा सिम्युलेटर, म्हणजे वैमानिकांच्या सरावासाठीचं खोटं विमान. सुरुवातीला ती हातभर पुढे सरकली, तेवढीच. आता ती निवांत मागे कलंडली आहे.

सगळी करामत त्या कलंडण्यात आहे. आपल्या आतल्या कानात दोन खबरे असतात. तीन अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव डोकं वळल्याची खबर देतो, आणि कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे वजन कुठे ओढतंय ते सांगतात. हे खडे मागे का सरकले, वेग वाढला म्हणून की डोकं मागे झुकलं म्हणून, हे मात्र त्यांना ओळखता येत नाही. १२ अंश मागे कललं की वजनाचा साधारण पाचवा हिस्सा पाठीवर येतो, आणि प्रवासी विमान धावपट्टीवर धावताना पाठीला बसणारा रेटाही जवळपास तेवढाच असतो. राहिल्या नलिका. त्यांना पत्ता लागू नये म्हणून पेटी सेकंदाला दोन-तीन अंशांहूनही सावकाश कलते. डोळ्यांपुढे सपाट धावपट्टी आहेच. मेंदू हिशोब जुळवतो आणि मान्य करून टाकतो की आपण वेगात आहोत.

खऱ्या विमानात हीच फसगत उलटी होते. २३ ऑगस्ट २००० च्या रात्री गल्फ एअरचं ए-३२० बहारीनला उतरता उतरता पुन्हा वर निघालं. समोर काळा समुद्र, क्षितिजाचा मागमूस नाही. वेग वाढला तसा नाक फार वर उचललं गेल्याचा भास झाला असावा, असं तपासात निघालं. कॅप्टनने नाक खाली दाबलं आणि विमान समुद्रात गेलं. १४३ जण दगावले. कानावर नाही, समोरच्या उपकरणांच्या काट्यांवर विश्वास ठेवायचा, हा धडा वैमानिकाला सुरुवातीलाच गिरवावा लागतो तो यासाठी.

सिम्युलेटरही याच धड्यापायी रुजला. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनला एडविन लिंकच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानोचा कारखाना होता. ऑर्गनचे भाते (आपल्या बाजाच्या पेटीला असतो तसलेच, फक्त मोठे) लाकडी विमानाच्या पोटाखाली बसवून लिंकने १९२९ च्या सुमारास डुलणारं, कलणारं खोटं विमान तयार केलं. सुरुवातीला ते घेतलं करमणुकीच्या बागांनी! मग १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराकडे हवाई टपालाचं काम आलं आणि धुक्या-बर्फात नुसत्या काट्यांवर उडण्याची सवय नसलेले दहाहून अधिक वैमानिक काही आठवड्यांत मेले. तेव्हा लष्कराने लिंककडून सहा पेट्या घेतल्या. पेटीवर झाकण लावायचं, आत अंधार, समोर फक्त काटे.

आजच्या सिम्युलेटरमध्ये सगळ्यात जास्त घोटून घेतात ते ऐन व्ही-वनला इंजिन जाणं. व्ही-वन म्हणजे असा वेग, की त्यानंतर ब्रेक मारले तर उरलेली धावपट्टी पुरेलच असं नाही. तोवर कॅप्टनचा हात लिव्हरवर असतो. ‘व्ही-वन’ असा पुकारा झाला की तो हात काढून घेतो, घाबरून मागे खेचायचा मोहच नको. नेमकं तेव्हाच मागे बसलेला प्रशिक्षक स्क्रीनवर बोट टेकवतो. डावं इंजिन गेलं. नाक डावीकडे ओढ घेतं, उजव्या पायाने रडर (शेपटीच्या उभ्या पंखावरचं, नाक डावी-उजवीकडे वळवणारं सुकाणू) दाबायचं. किती? मध्यरेषा नाकासमोर येईल इतकंच. नवखा आधी जास्त दाबतो, मग घाबरून सोडतो, मग पुन्हा दाबतो आणि विमान झिंगल्यासारखं नागमोडी जातं. हवेत गेल्यावर ४०० फुटांपर्यंत विमान सरळ ठेवणं आणि चाकं आत घेणं याखेरीज काही करायचं नाही, इंजिनाला आग लागली असली तरी. हात बांधून बसणं हेच शिकायला सर्वांत कठीण असावं.

पूर्वी असले प्रसंग खऱ्या विमानात गिरवत. ३० मार्च १९६७ ला डेल्टाचं डीसी-८ न्यू ऑर्लीन्सजवळ अशाच सरावात, दोन इंजिनांचा जोर मुद्दाम उतरवलेला असताना, वस्तीवर कोसळलं. विमानातले ६ आणि जमिनीवरचे १३ जण गेले.

पण पेटी चुकीचं खोटं बोलली तर? १२ नोव्हेंबर २००१ ला अमेरिकन एअरलाइन्सचं ए-३०० न्यूयॉर्कहून निघालं आणि पुढच्या जम्बो जेटने मागे सोडलेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडलं. सहवैमानिकाने रडर डावं-उजवं, डावं-उजवं जोरात मारलं. काही सेकंदांत शेपटीचा उभा पंखच तुटला. विमानातले २६० आणि खालचे ५ जण मेले. तपासात मूळ दोष त्या रडर मारण्यावर आला, पण रडरच्या रचनेबरोबर कंपनीच्या प्रशिक्षणावरही बोट ठेवलं गेलं. त्यातल्या एका सरावात भोवऱ्याने विमान पार आडवं होई आणि नियंत्रणांचा परिणाम काही क्षण मुद्दाम मारून ठेवलेला असे. म्हणजे भोवरा भयंकर असतो आणि रडर जोरात मारावं लागतं, असा समज पक्का व्हायचा. पेटीतल्या विमानाची शेपूट काही तुटत नाही.

आता अशा टोकाच्या सरावांसाठी प्रशिक्षकाच्या स्क्रीनवर एक आलेख असतो. विमानाच्या चाचण्यांतून जमवलेली माहिती जिथवर पुरते तिथवर त्यावर रेषा आखलेली असते, आणि पेटीतलं विमान म्हणजे एक ठिपका. ठिपका रेषेबाहेर गेला, की तिथून पुढे पेटी अंदाजाने बोलते आहे हे प्रशिक्षकाला कळतं.