दहा आण्यांची चांदी, सोळा आण्यांचा रुपया

रुपया डॉलरपुढे घसरला की दुसऱ्या दिवशी ‘निर्यातदारांची चांदी’ अशा धाटणीचा मथळा कुठे ना कुठे दिसतोच. त्याच दिवशी मोबाइलवर तो जुना संदेशही फिरू लागतो: १९४७ साली एक रुपया म्हणजे एक डॉलर होता, आणि बघा आज काय दशा झाली!

आधी या संदेशाचा हिशेब चुकता करू. १९४७ मध्ये रुपयाचा भाव १८ पेन्स होता. पौंडात २४० पेन्स, म्हणजे एका पौंडाचे १३ रुपये ५ आणे ४ पै. पौंडाला ४.०३ डॉलर मिळत. भागाकार केला की डॉलरचे साधारण ३ रुपये ३१ पैसे होतात. एकास एक हा भाव तेव्हा नव्हता. शाळकरी मुलाला पाच मिनिटांत करता येईल असा हा भागाकार न करता लाखो लोक तो संदेश पुढे ढकलतात. चलनाचा भाव म्हणजे देशाची अब्रू, ही समजूत त्याच्या मुळाशी आहे. ती सोडल्याशिवाय पुढचं गणित डोक्यात शिरत नाही.

माझ्याकडे आजीच्या पेटीतला एक राणीछाप रुपया आहे, १८९० सालचा. कडा थोड्या झिजल्यात, तरी राणीच्या मुकुटाखालची वेणी अजून बोटाला लागते. कोरा असताना त्याचं वजन बरोबर एक तोळा होतं, ११.६६ ग्रॅम. सोनाराकडे वजन म्हणूनही रुपयाच वापरत. बारा भागांतले अकरा भाग शुद्ध चांदी. असा अख्खा रुपया म्हणजे ‘बंदा रुपया’; हा शब्द आपण अजून वापरतो. आणि मुंबईतल्या गिरण्यांचं नशीब पन्नासेक वर्षं याच नाण्याभोवती फिरलं.

१८७० पर्यंत हा रुपया दोन शिलिंगांच्या आसपास होता. मग जर्मनीने सोन्याचं चलन धरलं, युरोपातल्या इतर देशांनी चांदीची नाणी पाडणं थांबवलं आणि चांदी कोसळू लागली. आपला रुपया चांदीचाच, त्यामुळे तोही तिच्यामागे उतरला. १८९२-९३ पर्यंत तो सव्वा शिलिंगावर, म्हणजे १५ पेन्सवर आला. त्या काळात मुंबईच्या गिरण्या जाडंभरडं सूत कातून चीनला पाठवत होत्या. चीनचा व्यवहारही चांदीत. शांघायचा व्यापारी चांदी द्यायचा, ती मुंबईच्या टांकसाळीत नेली की जवळपास वजनाला वजन रुपये पाडून मिळत. चांदी स्वस्त असो की महाग, मुंबई आणि शांघाय एकाच नावेत होते.

२६ जून १८९३ रोजी सरकारने टांकसाळींचं दार लोकांसाठी बंद केलं. कारण गिरण्यांशी संबंधित नव्हतं. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी लंडनला पौंडांत पैसे धाडावे लागत आणि पडत्या रुपयात ते परवडेना. रुपये पाडणं थांबलं तशी त्यांची टंचाई झाली आणि १८९८ पर्यंत रुपया १६ पेन्सवर चढला. चांदी मात्र उतरतच राहिली, औंसाला ३८ पेन्सवरून सुमारे २७ पेन्सवर. हिशेब करून पाहा: २७ पेन्स भावाने राणीछाप रुपयातल्या चांदीची किंमत भरते साधारण १० पेन्स, आणि बाजारात रुपया चालतो १६ पेन्सना. रुपयाचे आणेही सोळाच. म्हणजे शांघायच्या व्यापाऱ्याने रुपयाभर चांदी दिली तर मुंबईच्या गिरणीच्या पदरात दहाच आणे पडत.

गिरणीत कामगाराची मजुरी मात्र सोळा आण्यांच्या रुपयात द्यायची होती. चीनमधला चांदीतला भाव हळूहळू वाढला, पण मधली वर्षं कठीण गेली.

याच वेळी जपान आपलाच कापूस नेऊन सूत कातत होता. १८९३ मध्येच जमशेटजी टाटांनी जपानी जहाज कंपनीशी हात मिळवून मुंबई ते कोबे अशी मालवाहतूक सुरू केली होती. जपानचा येन १८९७ पर्यंत चांदीबरोबर उतरत होता, त्यामुळे शांघायमध्ये जपानी सुताला हा फटका बसला नाही. शिवाय जपानने १८९४ मध्ये सुतावरचा निर्यात कर काढला आणि १८९६ मध्ये कापसावरचा आयात कर. त्याच १८९६ मध्ये आपल्याकडे काय झालं? लँकेशायरच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या कापडगिरण्यांच्या दबावाखाली देशी गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी, म्हणजे देशात बनलेल्या मालावरचा कर, बसली. मुंबईच्या पीछेहाटीचं सगळं खापर चलनावर फोडता येणार नाही. त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला, आणि जपान चीनच्या दाराशी होता. पण एकच कापूस, एकच गिऱ्हाईक आणि दोन वेगळी धोरणं, इतका उघड प्रयोग इतिहासात क्वचित सापडतो.

आता मला जे खरं सांगायचंय तिकडे वळतो. साडेतीन टक्के हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. एवढ्याशा करासाठी गिरणीमालक तीस वर्षं का आरडाओरडा करत होते?

समजा, कापडाची एक गाठ बाजारात १०० रुपयांना जाते. त्यातले ५५ रुपये कापसाचे. हा भाव मुंबई ठरवत नाही, लिव्हरपूल आणि न्यूयॉर्क ठरवतात. १० रुपये यंत्रांचे सुटे भाग, रंग, तेल यांचे. तेही बहुतेक परदेशी. उरले ३५. कामगाराची मजुरी, मालकाचा नफा, भाडं, व्याज, सगळं या ३५ मध्ये. अर्थशास्त्रात याला मूल्यवर्धन म्हणतात. मी ‘मधले पस्तीस’ म्हणतो, कारण कापूस आणि कापड या दोन भावांच्या मध्ये ते अडकलेले असतात. देशात कारखाना आहे म्हणजे देशात हे पस्तीस आहेत. बाकीचे पासष्ट फक्त आत येऊन बाहेर जातात.

साडेतीन टक्के अबकारी लागते गाठीच्या पूर्ण शंभरावर. ती गिऱ्हाइकावर ढकलता येत नाही, कारण शेजारच्या दुकानात मँचेस्टरचं कापड त्याच भावाला मिळतं. कापूसवाला भाव कमी करत नाही. म्हणून साडेतीन रुपये जातात ते या पस्तिसातून. पस्तिसातले साडेतीन म्हणजे दहा टक्के! कागदावरचा साडेतीन टक्के कर कारखान्यावर दहा टक्क्यांचा घाव घालतो. पुढे १९६० च्या दशकात याला ‘प्रभावी संरक्षणाचा दर’ असं शास्त्रीय नाव मिळालं. गिरणगावात तो त्याआधीच कळला होता.

हीच मोजपट्टी चलनाला लावू. रुपया १६ पेन्सवरून १८ पेन्सवर गेला. परदेशी कापडाची किंमत पेन्समध्ये तेवढीच, पण रुपयांत ती १०० वरून ८८.९ झाली, आणि आपल्या गाठीलाही तोच भाव घ्यावा लागतो. कापसाचे ५५ उतरून ४८.९ झाले, सुट्या भागांचे १० उतरून ८.९. वजाबाकी करा: ८८.९ उणे ५७.८, उरले ३१.१. पस्तिसाचे एकतीस झाले. ३.९ रुपयांची घट म्हणजे अकरा टक्के. इथे एक बारीक गोष्ट ध्यानात घ्यायची. चलनाचा भाव सगळ्या गोष्टींना एकाच प्रमाणात खेचतो, त्यामुळे मधल्या पस्तिसावरही तो त्याच प्रमाणात पडतो, फुगत नाही. कर एकाच टोकाला बसतो, म्हणून मधल्या पट्ट्यात पोहोचेपर्यंत तिप्पट होतो. म्हणून चलनातला अकरा टक्क्यांचा बदल आणि करातला साडेतीन टक्क्यांचा बदल कारखान्याला जवळजवळ सारखेच झोंबतात.

हे वहीवरचं गणित आहे. प्रत्येक गिरणीत पस्तीसच असतील असं नाही. पण १९२५ साली मुंबईत काय घडलं ते बघा. रुपया १८ पेन्सवर पोहोचला होता आणि अबकारी चालूच होती. गिरणीमालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. दीड लाखाच्या घरात कामगार संपावर गेले. सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत लालबाग-परळचे भोंगे थंड होते. डिसेंबरच्या सुरुवातीला सरकारने अबकारी स्थगित केली, मालकांनी कपात मागे घेतली, कामगार कामावर परतले. साडेतीन टक्के कर उठला आणि साडेअकरा टक्के मजुरी वाचली. वरच्या हिशेबाशी हे ताडून पाहिलं तेव्हा मी तो कागद बराच वेळ हातातून खाली ठेवला नव्हता.

चलनाचा प्रश्न मात्र सुटला नाही. १९२६ मध्ये चलनाचा विचार करायला नेमलेल्या हिल्टन यंग आयोगाने १८ पेन्स कायम करावेत अशी शिफारस केली. आयोगातले मुंबईचे उद्योगपती पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी एकट्याने भिन्नमतपत्रिका जोडून १६ पेन्स मागितले. त्यांचं म्हणणं, मजुरी नव्या भावाशी जुळलेलीच नाही. १९२७ च्या कायद्याने १८ पेन्सच ठरले. १९२८ मध्ये गिरणगाव पुन्हा सहा महिने बंद पडलं.

म्हणजे रुपया स्वस्त हवा, असंच ना? इथे याच आयोगापुढे साक्ष दिलेल्या डॉ. आंबेडकरांचा मुद्दा मला सगळ्यांत खोल वाटतो. लंडनच्या प्रबंधातच त्यांनी विचारलं होतं की स्वस्त रुपयाने निर्यातदाराला जे बक्षीस मिळतं, ते येतं कुठून? परदेशी गिऱ्हाईक काही ते खिशातून देत नाही. रुपया उतरला की धान्य, कापड, रॉकेल महाग होतं. मजुरी मात्र मागे राहते. मालकाच्या हाती जे वाढीव येतं ते कामगाराच्या ताटातून काढलेलं असतं. पस्तिसाचे एकोणचाळीस झाले, तरी वरचे चार कुणाच्या वाट्याला गेले हे विनिमय दर सांगत नाही. आणि मजुरी महागाईला गाठते तेव्हा निर्यातदाराचा फायदाही संपतो. रुपया पाडून उद्योग वाढतो म्हणणाऱ्यांनी या मुद्द्याला उत्तर दिल्याचं मी फारसं पाहिलेलं नाही.

इचलकरंजीत हे मधले पस्तीस प्रत्यक्ष दिसतात. तिथला खर्चीवाला यंत्रमागधारक सूत विकत घेत नाही, कापड विकतही नाही. व्यापारी सुताची बिमं देतो, हा विणून देतो आणि मीटरमागे पिकाच्या हिशेबाने मजुरी घेतो. पीक (pick) म्हणजे इंचातले आडवे धागे; ते किती, त्यावर पैसे. एका शेडमध्ये मी तासभर उभा होतो. धोट्याचा खडखडाट इतका, की मालक माझ्या कानाशी येऊन बोलत होता. डॉलरचं विचारलं तर म्हणाला, ‘दादा, डॉलर व्यापाऱ्याला. आमाला पिकाला किती पैसे, तेवढंच. आन् लाइटबिल.’ विजेचं बिल, कांडी भरणारीची मजुरी आणि मागाचं दुरुस्तीचं काम, सगळं त्याच पैशांत. रुपया घसरून गाठीमागे चार रुपये जादा सुटले तरी ते त्याच्यापर्यंत झिरपायला किती महिने लागतात, आणि झिरपतात का, हे कुठल्याच मथळ्यात नसतं.

२७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयात शुल्क लावलं. तेव्हाही रुपया उतरलाय, भरपाई होईल, असं बोललं गेलं. वहीतली गाठ घ्या. अमेरिकेतला भाव शंभरच राहिला आणि शुल्काचा सगळा भार आपल्या माथी आला तर हाती येतात ६६.७. त्यातले ६५ कापूस आणि सुट्या भागांचे. पस्तिसाचे उरले पावणेदोन! आता रुपया पाच टक्के पडला तर गाठीचे रुपये वाढतात, कापसाचेही वाढतात आणि पावणेदोनाचेही फक्त पाच टक्के वाढतात. साधारण आठ पैसे. तयार कपड्यांत कापसाचा वाटा कमी असतो आणि थोडा भार गिऱ्हाईकही उचलतं, म्हणून प्रत्यक्षात इतकी दैना होत नाही. पण आकड्यांची दिशा हीच.

शुल्क लागू व्हायच्या आठवडाभर आधी, १९ ऑगस्टला, केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काही काळासाठी काढलं होतं. मुदत पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. हिशेब सोपा आहे: ११ टक्क्यांनी देशातला कापूस तेवढाच महागत असेल तर पंचावन्नावर सहा रुपये चढतात, म्हणजे पस्तिसातले सतरा टक्के जातात. सूतगिरण्यांची मागणी रास्तच होती. पण पंचावन्न रुपये ही नुसती किंमत नाही, ते यवतमाळ-वर्ध्याच्या शेतकऱ्याचं वर्ष आहे.

हेही पूर्वी होऊन गेलंय. १९३१ च्या डिसेंबरात जपानने येनची सोन्याशी असलेली गाठ सोडली, येन निम्म्याहून खाली आला आणि स्वस्त जपानी कापड आपल्याकडे लोटलं. सरकारने १९३३ मध्ये त्यावर ७५ टक्के जकात लावली. मुंबईच्या गिरण्या सुखावल्या. जपानी गिरण्यांनी उलट आपला कापूस घेणं बंद केलं आणि गाठी पडून राहिल्या. जानेवारी १९३४ च्या समझोत्यात अखेर दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या: जकात ५० टक्के, आणि जपानने दहा लाख गाठी कापूस घेतला तर साडेबत्तीस कोटी वार कापड आणायची मुभा, पंधरा लाख गाठी घेतल्या तर चाळीस कोटी वार.

२०२५ मध्ये शुल्कमाफी नेमकी वेचणीच्या हंगामात आली. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. ज्याला सरकारी खरेदी केंद्रापर्यंत पोहोचता आलं नाही, त्याने गाडी व्यापाऱ्याच्या दारात उभी केली आणि तो देईल तो भाव घेतला.