टोकायची कुजकी द्राक्षं

फ्रीजमध्ये मागे सरकून विसरलेला स्ट्रॉबेरीचा डबा आठवड्याने उघडावा, तर फळांवर राखाडी लव चढलेली असते. ती बहुतेक वेळा बोट्रायटिस सिनेरिया नावाची बुरशी. आपण नाक मुरडून डबा कचऱ्यात टाकतो. हंगेरीच्या ईशान्येला टोकाय नावाचं जेमतेम चार हजार वस्तीचं गाव आहे. तिथले बागायतदार मात्र आपल्या गोड वाइनसाठी हीच बुरशी द्राक्षांवर कधी बसते याची दर शरदात वाट बघतात.

अर्थात ती कशीही आलेली त्यांनाही चालत नाही. पावसाची झड लागली तर हीच बुरशी अख्खे घड नासवते. हवी असते ती ओल आणि ऊन यांची पाळी. टोकायला बोद्रोग नदी तिसा नदीला मिळते. शरदात पहाटे पाण्यावरून धुकं उठतं, मण्यांवर ओल धरते आणि बुरशी जागी होते. दुपारी ऊन-वाऱ्याने ओल सुकते, तिचा जोर ओसरतो. धुकं पडलं की नाशिकचा बागायतदार डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या धास्तीने फवारणीच्या तयारीला लागतो. इथे त्याच धुक्यावर गावाचं नशीब उभं आहे.

बुरशीचे तंतू सालीत घुसतात आणि सालीला अतिसूक्ष्म छिद्रं पडतात. त्यांतून पाणी उडून जातं, मणी तपकिरी होऊन सुरकुततो. दिसायला मनुकाच, पण मनुक्यात पाणी तेवढं कमी होतं. इथे बुरशी आतली थोडी साखर आणि बरंचसं टार्टारिक आम्ल खाते, ग्लिसरॉल तयार करते, आणि मध-जर्दाळूची आठवण करून देणारे नवे गंध मागे ठेवते. साखर खाल्ली जाते त्याहून पाणी कितीतरी जास्त गेलेलं असतं, म्हणून उरलेला रस दाट गोड होतो. फुर्मिंट ही तिथली मुख्य जात मुळातच आंबटसर, त्यामुळे एवढ्या गोडीनेही तोंडाला मिठी बसत नाही.

एका घडातले सगळे मणी एकाच दिवशी असे होत नाहीत. मग एकेक मणी हाताने वेचायचा, तीच वेल पुन्हा पुन्हा धुंडाळायची. दिवसभर कंबर मोडून एका माणसाच्या हाती 8-10 किलो लागतात. हे बुरशीने सुकलेले, म्हणजे 'ऑसू', मणी मोजायचं जुनं माप म्हणजे पाठीवरची लाकडी बुट्टी, पुट्टोन्य, साधारण 25 किलोची. 136 लिटरच्या पिंपाला अशा किती बुट्ट्या घातल्या, त्यावर वाइनची गोडी ठरायची. सहा बुट्ट्या म्हणजे 150 किलो मणी! ते चेचून रसात किंवा वाइनमध्ये भिजवतात आणि मग पिळतात.

मणी साठवले की स्वतःच्याच भाराने थेंब थेंब रस पाझरतो, त्याची एसेन्त्सिया. लिटरला किमान 450 ग्रॅम साखर. मोरावळा ज्या कारणाने टिकतो, त्याच कारणाने यात यीस्टची दमछाक होते: साखर पेशीतलं पाणी ओढून घेते. आंबायला वर्षानुवर्षं लागतात आणि अल्कोहोल पाच-सहा टक्क्यांच्या वर क्वचितच जातं. ती चमच्याने चाखतात.

हा शोध लागला कसा? सांगतात की सतराव्या शतकात तुर्कांच्या धास्तीने तोडणी लांबली, द्राक्षं कुजली आणि सेप्शी लात्स्को माते या धर्मोपदेशकाने त्यांची पहिली वाइन केली. गोष्ट छान आहे, पण 1571च्या दस्तऐवजातच ऑसूचा उल्लेख सापडतो. अशा गोष्टींना एक नायक लागतो, एवढंच.

1737मध्ये राजाज्ञेने या प्रदेशाच्या सीमा आखल्या गेल्या. वाइनसाठी असं करणाऱ्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या प्रदेशांपैकी हा एक. रशियाच्या झारांनी तर खरेदीसाठी टोकायलाच आपली माणसं बसवली होती. व्यापार ग्रीक आणि ज्यू कुटुंबांनी वाढवला. 1944मध्ये इथल्या ज्यूंना गाड्यांत भरून छळछावण्यांत नेलं गेलं. त्याआधी, 1880च्या दशकात, फिलॉक्सेरा किडीने वेली मुळापासून संपवल्या होत्या. साम्यवादी राजवटीत सरकारी कारखान्याने दर्जापेक्षा उत्पादन बघितलं आणि चढावरच्या कित्येक बागा ओस पडल्या. 1990नंतर त्या पुन्हा लागल्या. 2002मध्ये हा प्रदेश जागतिक वारसा यादीत आला.

गावाखाली दगडात खोदलेली तळघरं आहेत, बारा महिने 10-12 अंशांची. तिथल्या भिंतींवर दुसरीच एक बुरशी, झास्मिडियम सेलारे, काळ्या मखमलीसारखी पसरलेली असते. लाकडी पिंपांतून उडणाऱ्या अल्कोहोलच्या वाफेवर ती जगते. बोट लावलं तर मऊ लागते, आणि कुणी ती खरवडून काढत नाही.